सायलेन्सरला रंग की स्टेनलेसची नळी?

खान्देशातली हवा वर्षातले आठ महिने कोरडी. त्यामुळे जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीचा सायलेन्सर बाहेरून कमी आणि आतूनच जास्त सडतो. लिटरभर पेट्रोल जळलं की जवळजवळ तेवढंच पाणी वाफ होऊन नळीतून जातं. गाडी घर ते बाजार एवढीच फिरली, तर नळी नीट तापतच नाही. वाफेचं पाणी होऊन मफलरच्या, म्हणजे आवाज दाबणाऱ्या डब्याच्या, तळाशी साचतं.

रंग स्वस्त. सुमारे ६०० अंश सोसणारा सिलिकॉनचा रंग घरीही मारता येतो: गंज घासून लोखंड उघडं करायचं, तेलकटपणा पुसायचा, पातळ थर द्यायचे, मग इंजिन टप्प्याटप्प्याने तापवून तो पक्का करायचा. मी घासायचा कंटाळा केला. पहिल्याच पावसाळ्यात पापुद्रे निघाले. पण कितीही नीट मारा, आतल्या पाण्यापुढे त्याचं काय चालणार?

स्टेनलेस आतूनही टिकतं. त्यातल्या प्रतींपैकी ३०४ नंबरचं घ्या; ४०९ स्वस्त, पण वरून तांबूस होतं. जोडाला आर्गॉन वेल्डिंगचा सराव असलेला कारागीर हवा. आवाज थोडा बदलतो, तो मला खटकतो. मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनालगतचा धूर गोळा करणारा भाग, बिडाचा, त्याला रंगच. मागची नळी मात्र मी स्टेनलेसचीच बसवेन.