लिमिट होल्डेम आठ महिने शिकल्यावर: ‘दोन्ही सारखंच’ म्हणणाऱ्यांसाठी

गेल्या मंगळवारी पोकर शिकवणारं माझं ॲप आपोआप अपडेट झालं आणि लिमिटचा, म्हणजे किती लावायचं ते आधीच ठरलेलं असतं त्या होल्डेम पोकरचा, अख्खा विभाग गायब. सराव, चाचण्या, मी साठवून ठेवलेले डाव, सगळं गेलं. वर्षाची वर्गणी ४,२०० रुपये एकरकमी भरलेली, त्यातले चार महिने शिल्लक. तक्रार केली, तर दोन दिवसांनी उत्तर आलं की लिमिट वापरणारे फार थोडे आहेत, आपण नो-लिमिटचा (हवं तेवढं लावता येतं त्याचा) कोर्स वापरावा, मूळ संकल्पना सारख्याच आहेत. या शेवटच्या वाक्यासाठी हे लिहायला बसलोय. नाहीतर तीन स्टार देऊन गप्प बसलो असतो.

पैसे लावून खेळत नाही, हे आधीच सांगतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, पण त्याआधीही त्या वाटेला गेलो नव्हतो. मी मार्केट यार्डात हळदीच्या आडत दुकानात हिशेब लिहितो; पैसा कसा जातो ते रोज बघतो. आमचा डाव विश्रामबागला, शनिवारी रात्री, पाच जणांत, चिंचोक्यांवर. भडंग पाळीपाळीने आणायचं. (वडील म्हणतात, बुद्धिबळाच्या स्पर्धा भरवणाऱ्या पडसलगीकरांच्या सांगलीत राहून बुद्धिबळ तरी शिकायचं होतंस. बरोबर आहे त्यांचं.)

लिमिटकडे वळलो ते चिंचोक्यांमुळेच. नो-लिमिटला पहिल्या वीस मिनिटांत कोणीतरी ऑल-इन करायचा, म्हणजे सगळा ढीग एकदम लावायचा, दोघंजण बाद, आणि मग ते भडंग संपवत बसायचे. लिमिटमध्ये फ्लॉपपर्यंत (सगळ्यांची सामाईक पहिली तीन पानं) १ चिंचोका, टर्न (चौथं पान) आणि रिव्हरला (पाचवं, शेवटचं) २, एका फेरीत एक बेट (लावणं) आणि वर तीन रेज (वाढवणं). रात्री अकरापर्यंत सगळे खेळात. बाकी नियम तुम्हाला माहीत असतीलच.

पहिले दोन महिने माझं मत होतं की लिमिट हा कच्च्या लिंबांचा खेळ. किती लावायचं हेच ठरवायचं नसेल तर शिकायचं काय? तीन बटणं, दाबा एक. नो-लिमिटच्या सरावात निदान तो सरकवायचा पट्टा तरी होता. (तो पट्टाही भिकार. अंगठा जरा घसरला की ६० च्या जागी ६००. हे त्यांना तीनदा कळवलंय.)

मत बदललं ते रिव्हरला. यावर मी जरा जास्तच बोलतो, घरचे सांगतील.

आमच्यात एक निवृत्त एस.टी. कंडक्टर काका आहेत. ते पानं टाकतच नाहीत. "दोन चिंचोके तर आहेत, बघू दे की." मी मात्र जन्माचा काटकसरी. शेवटचं पान पडलं, समोरून बेट आली आणि हातात नुसती मधली जोडी असली, की मी पानं टाकून मोकळा. दोन चिंचोके वाचले! चार महिने असे चिंचोके वाचवले आणि दर शनिवारी सगळ्यात कमी ढीग माझाच.

ॲपच्या चाचणीत तोच प्रश्न आला. समोरच्याची बेट धरून पॉटमध्ये (मधल्या ढिगात) ९ मोठ्या, म्हणजे दोन-दोन चिंचोक्यांच्या, बेट, तुम्हाला १ भरायची आहे. दहातून एकदा जरी तुमचं पान वर ठरत असेल, तरी बरोबरी. मी फोल्ड (पानं टाकणं) दाबलं. लाल फुली. पुन्हा फोल्ड, पुन्हा फुली. मग वही काढली आणि शनिवारचे असे कॉल, म्हणजे बेटएवढं भरून पानं बघणं, लिहायला लागलो. आजवर ४३ झाले, जिंकलो फक्त ७. म्हणजे ३६ वेळा काकांचं हसू ऐकलं. आता हिशेब: पॉट सरासरी ९ बेटचा, ७ गुणिले ९ म्हणजे ६३ आले, ३६ गेले. २७ मोठ्या बेटचा नफा, म्हणजे ५४ चिंचोके. वहीवर विश्वास बसेना म्हणून दोनदा बेरीज केली.

नो-लिमिटमध्ये समोरचा रिव्हरला पॉटएवढीच बेट लावतो तेव्हा १ भरून २ मिळवायचे असतात, म्हणजे तीनातून एकदा तरी जिंकायला हवं. मी लिमिटची सवय घेऊन फुकटच्या नो-लिमिट टेबलावर गेलो आणि एका जोडीवर असे कॉल करत एका बैठकीत तीनदा सगळा ढीग घालवला. सारख्याच संकल्पना म्हणे!

दुसरा फरक त्याहून मजेचा. पाचही जणांनी दोन-दोन चिंचोके टाकून फ्लॉप बघितला, पॉट १०. फ्लॉपवर एक्का, छक्का, पंजा. माझ्याकडे एक्का-राजा, काकांकडे नव्वी-अठ्ठी. पाच पानांची सलग ओळ पुरी करायला त्यांना सत्तीच हवी. न दिसलेल्या ४७ पानांत चार सत्त्या, म्हणजे नको असलेल्या ४३ ला हवी असलेली ४, साधारण पावणेअकराला एक. मी १ लावला तर काकांना १ भरून ११ मिळायची शक्यता. म्हणजे काकांचं "बघू दे की" गणिताने बरोबर! नो-लिमिटमध्ये मी सरळ १० लावले असते, २० साठी १० भरायला काकांनीही डोकं खाजवलं असतं.

लिमिटमध्ये तेवढा मोठा दगडच हाताशी नसतो. मग काय करायचं? चेक, म्हणजे काही न लावता पाळी पुढे. काकाही चेक करतात, शेवटी बसलेला बेट लावतो, आणि तेव्हा मी रेज करतो. आता काकांना एकदम २ भरायचे, पॉटमध्ये १३. साडेसहाला एक. सत्तीसाठी हा भाव तोट्याचा. हे जमलं त्या रात्री मी घरी चालत शिट्टी वाजवत आलो. काकांनी कॉल केलाच, सत्तीही आली, पण तो वेगळा विषय. आणि कलरला, म्हणजे एकाच चिन्हाच्या पाच पानांना, एक पान कमी असलेल्याला, सव्वाचाराला एकवाल्याला, एवढ्यानेही हलवता येत नाही. त्याला येऊ द्यायचं.

दुसऱ्या मेलमध्ये मी कंपनीला इतिहासही लिहिला. जानेवारी २०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘सायन्स’ नियतकालिकात जाहीर केलं की दोघांतला लिमिट होल्डेम जवळजवळ सोडवला आहे, म्हणजे जिला हरवता येत नाही अशी खेळायची रीत काढली आहे. सिफियस नावाचा प्रोग्रॅम, ४,८०० प्रोसेसर, ६८ दिवस. त्यात निर्णयाच्या जागा एकावर साधारण १४ शून्यं एवढ्या. नो-लिमिटला ही शून्यं १६० च्या वर जातात. २०१७ मध्ये लिब्राटस या प्रोग्रॅमने चार व्यावसायिक खेळाडूंना १,२०,००० डावांत हरवलं खरं, पण हरवणं वेगळं आणि सोडवणं वेगळं. आमचा पाच जणांचा डाव मात्र कुणीच सोडवलेला नाही, आणि काका आहेत तोवर सुटायचा नाही.

इथपर्यंत लिहून एकदा नो-लिमिटचा कोर्स पुन्हा उघडला, उगाच अन्याय नको म्हणून. तर शेवटी बोलायला मिळण्याचा फायदा आणि समोरच्याच्या हातात कोणकोणती पानं असू शकतात याचे धडे खरंच चांगले आहेत, आणि ते लिमिटलाही लागू पडतात. मेलमध्ये "काहीच कामाचं नाही" असं लिहिलं होतं, ते मागे घेतो. पण पुढच्याच धड्यात दुर्री-तिर्रीच्या जोड्यांचं कौतुक सुरू झालं. अशा जोडीला फ्लॉपवर तिसरं पान साधारण साडेआठ वेळांत एकदा येतं. आलं तर नो-लिमिटमध्ये समोरच्याचा अख्खा ढीग मिळू शकतो, लिमिटमध्ये मोजक्या बेट. तिथे एक्का-दश्शी, राजा-गुलाम असली मोठी पानं पोट भरतात. हे कोण सांगणार? सांगणारा विभाग तर यांनी काढून टाकला.

कंपनीने तीन महिने मुदत वाढवून देऊ केली आहे. नो-लिमिटची. मी चार महिन्यांचे १,४०० रुपये परत मागितलेत, उत्तर यायचंय. नवीन घेणाऱ्यांनी नुसत्या नो-लिमिटसाठी घ्यायला हरकत नाही, फक्त वर्षाचे एकदम भरू नका, आणि ऑटो-अपडेट बंद ठेवा. बायकोच्या फोनवर जुनी आवृत्ती अजून शाबूत आहे, कारण त्यात जागाच नव्हती अपडेटला. रात्री साडेनऊनंतर तो फोन मला मिळतो.