बाराशे रुपये, तीन दिवस आणि एक फसलेला गृहपाठ

मी गोव्यात साखळीजवळच्या एका हायस्कूलात इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवते. माध्यम इंग्रजी, पण बरीचशी मुलं प्राथमिकला मराठीतून आलेली. त्यामुळे फळ्यावर ‘फ्रॅटर्निटी’ लिहायचं आणि तोंडाने ‘बंधुता’ म्हणत समजावायचं, हा रोजचा धंदा. राज्यघटना शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी पणजीत तीन दिवसांचं वर्कशॉप आहे म्हटल्यावर हेडमास्तरांनी ड्यूटी लीव्ह दिली, फी मात्र खिशातून भरायला लावली. बाराशे रुपये. दोन वेळचा चहा आणि दुपारचं जेवण धरून. संस्थेचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत.

पहिला दिवस सरळ सांगते, वाया गेला. सकाळची कदंब बस धरून नऊला पोचले, तर उद्घाटन, समई, पाहुण्यांचा सत्कार यातच साडेअकरा. मग स्लाइडा. घटना समितीचं काम दोन वर्षं, अकरा महिने, अठरा दिवस चाललं. मूळ कलमं ३९५, परिशिष्टं ८. अहो, हे आम्ही दरवर्षी मुलांकडून पाठ करून घेतो! मागच्या रांगेत दोघे पेपर तपासत बसले होते, मी त्यांना दोष देणार नाही.

दुसऱ्या दिवशी वेगळे सर आले आणि लॅपटॉप न उघडताच टेबलाटेबलावर कागद वाटले. घटना समितीतल्या भाषणांचे उतारे, बोलणाऱ्याचं नाव झाकलेलं. एका उताऱ्यात खेड्यांवर असा कोरडा ओढला होता की विचारू नका. खेडं म्हणजे संकुचितपणाचं आणि अज्ञानाचं घर, घटनेचा पाया खेडं नव्हे तर व्यक्ती, असा सूर. हे कोण बोललं असेल? आमच्या टेबलावर एकमत झालं की कुणीतरी संस्थानिक किंवा इंग्रजांच्या बाजूचा माणूस. कागद उलटला तर डॉ. आंबेडकर, ४ नोव्हेंबर १९४८, मसुदा मांडतानाचं भाषण. सगळे गप्प. मग दुसरा उतारा, त्यावर हरकत घेणाऱ्या सदस्यांचा. आणि तिसरा, २२ नोव्हेंबरचा: के. संथानम यांनी ग्रामपंचायतींची दुरुस्ती मांडली आणि आंबेडकरांनी ती स्वीकारली. तेच आजचं कलम ४०. अठरा दिवसांत काय झालं, कोण किती सरकलं, यावर आम्ही दीड तास भांडलो. चहा थंड झाला. वीस वर्षं मी कलम ४० ‘मार्गदर्शक तत्त्व, पंचायत’ एवढंच सांगून पुढे जात होते, त्याची थोडी लाज वाटली.

मग तो गृहपाठ. छापील पानावर प्रश्न होता: २६ जानेवारी १९५० रोजी आपल्या गावात काय घडलं, हे मुलांनी आजी-आजोबांना विचारून लिहावं. दक्षिण गोव्यातल्या साष्टीतून आलेल्या टीचर माझ्या शेजारी होत्या, त्या हसायलाच लागल्या. सर गोंधळले. मी उठून म्हटलं, “सर, आमच्याकडे काहीच घडलं नाही. आम्ही तेव्हा पोर्तुगालात होतो.” घटना समितीत आमचा कुणी नव्हता. १९५१ मध्ये पोर्तुगालने आपली घटना बदलून आम्हाला ‘सागरापलीकडचा प्रांत’ म्हटलं. भारताची घटना आमच्यापर्यंत आली ती मुक्तीनंतर, १९६२ च्या बाराव्या दुरुस्तीने, २० डिसेंबर १९६१ पासून लागू धरून.

सरांचं कौतुक याचं की त्यांनी सारवासारव केली नाही. खडू माझ्या हातात दिला आणि स्वतः खाली बसले. पुढचा तास आम्ही गोव्याच्या शिक्षकांनीच घेतला. जनमत कौल निघणारच होता. १६ जानेवारी १९६७. महाराष्ट्रात विलीनीकरणाला फूल, वेगळा संघप्रदेश राहण्याला दोन पानं. आमच्या घरी सगळी मतं फुलाला, शेजारच्या टीचरच्या घरी सगळी पानांना. दोघींनी एकमेकींकडे पाहून घेतलं आणि गप्प बसलो. पानांना १,७२,१९१, फुलाला १,३८,१७०. पण वर्गासाठी खरा प्रश्न मला तिथे सापडला: आपल्या घटनेत सार्वमताची तरतूदच नाही, तर हे मतदान झालं कसं? संसदेने त्यासाठी १९६६ मध्ये खास कायदा केला. हा एक धागा धरला की संसद, संघप्रदेश, १९८७ ची छप्पन्नावी दुरुस्ती आणि घटकराज्य, सगळं एका ओळीत शिकवता येतं. इतकी वर्षं मी ते चार वेगळ्या धड्यांत कोंबत होते.

तिसरा दिवस बरा. मूल्यमापनावर एक सत्र, प्रमाणपत्रं, फोटो. जेवण रोज तेच: भात, डाळ, पनीर. पणजीत येऊन पनीर! शेवटच्या दिवशी आम्ही चौघी बाहेर जाऊन माशाची थाळी खाऊन आलो.

तक्रारी दोन. सगळे कागद इंग्रजीत. उद्देशिकेची ‘आम्ही, भारताचे लोक’ अशी मराठी प्रत सहज मिळते, ती द्यायला काय हरकत होती? आणि नंतर मदत करू म्हणून काढलेला व्हॉट्सॲप ग्रुप. त्यावर आता फुलं आणि सुप्रभात एवढंच येतं. (विलीनीकरणाची फुलं नव्हेत.)

परत आल्यावर नववीत तोच नाव झाकलेल्या कागदांचा खेळ केला. दोन तासिका गेल्या. एक मुलगा म्हणाला, “टीचर, हे खरंच आहे. आमच्या ग्रामसभेत रविवारी नुसते ओरडतात.” त्यावर मागच्या बाकावरची मुलगी, जिची आई पंच आहे, उसळून म्हणाली, “तुझ्या दारापुढचा दिवा मग कोणी लावला?” तो म्हणाला, “तो महिनाभर बंदच आहे.” वर्ग हसला, पण दुसऱ्या सोमवारी ती मुलगी मुद्दाम सांगायला आली की दिवा लागला.

मडगावला दुसरी तुकडी घेणार आहेत असं कळलं. जमलं तर पहिला दिवस चुकवून जा. आणि शाल न्या, त्या लोकांना एसी कमी करता येत नाही.