ग्लेझ कालवताना एफएफपी २ मास्क : खानापूरच्या पावसात कसा चालतो

खानापूरकडे ग्लेझ, म्हणजे मातीच्या भांड्यांवर काचेसारखी चकाकी आणणारा लेप, कालवताना तोंडाला टॉवेल गुंडाळला की झालं, असं चालतं. ग्लेझच्या पावडरीतल्या सिलिकाची (वाळूतल्या खनिजाची) बारीक धूळ त्यातून सरळ फुप्फुसात जाते. आयएस ९४७३ या भारतीय मानकाचा शिक्का असलेला एफएफपी २ दर्जाचा धूळरोधक मास्क किमान ९४ टक्के कण अडवतो. डोक्यामागून जाणारे दोन पट्टे असलेलाच घ्या. कानात अडकवायचा सैल बसतो. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबा. दाढी असेल तर कडेने हवा शिरते, पैसे पाण्यात! पावसाळ्यात आतून ओला होऊन श्वास जड झाला की बदला. इथे खर्च वाढतो, हीच खोट. पावडर पाण्यात हळू सोडा, सांडलेली ओल्या फडक्याने पुसा, झाडू नको. शिशाच्या ग्लेझला मात्र हा मास्क उपाय नाही, ते ग्लेझच टाळा.