परीलोकाची भानगड आणि लंडनचा लग्नबाजार: आधी कोणती वाचाल?

काळ 1811 ते 1820 च्या आसपासचा, म्हणजे इंग्लंडमधला रीजन्सी (आजारी राजाऐवजी युवराज कारभार बघायचा तो काळ). आया मुलींना लंडनच्या ‘सीझन’ला स्थळं बघायला घेऊन येतात, आणि पलीकडच्या परीलोकातून नसती लचांडं येतात. ऑलिव्हिया ॲटवॉटरची ‘हाफ अ सोल’ (2020) आणि झेन चोची ‘सॉर्सरर टू द क्राउन’ (2015) या दोन्ही कादंबऱ्यांचा नायक सरकारदरबारचा जादूगारच. वर देणारी गोड परी मात्र दोन्हींत शोधू नका.

प्रेमकथा हवी असेल तर सरळ ‘हाफ अ सोल’ घ्या. परीलोकातल्या एका सरदाराने डोराचा अर्धा आत्मा लहानपणीच पळवलाय. उरलेला अर्धा वाचला तो चुलतबहीण व्हेनेसाने त्याला वेळेवर कात्री भोसकली म्हणून! तेव्हापासून डोराला ना धड भीती, ना लाज. चारचौघांत जे बोलायचं नसतं तेच ती शांतपणे बोलून मोकळी होते. समोर नायक, दरबारी जादूगार एलायस वाइल्डर, तोंडाने फटकळ आणि उमरावांवर कायम खार खाऊन असलेला. सगळ्यांना झोडपणारा हा माणूस डोराला काही लागतच नाही म्हटल्यावर गडबडतो, तिथे खरी धमाल आहे. मध्येच वर्कहाउसमधल्या (गरिबांना आसरा देऊन राबवून घेणारी जागा), झोपेतून न उठणाऱ्या मुलांचा भाग येतो आणि हसू थांबतं. मला तो भाग सगळ्यात आवडला.

‘सॉर्सरर’मध्ये प्रेम उशिरा उगवतं, तेही कामाच्या धबडग्यात. झकरायस हा गुलामीतून मुक्त झालेला कृष्णवर्णीय जादूगार. पद मिळालंय, पण मान द्यायला कोणी तयार नाही. त्यात इंग्लंडातली जादू आटत चाललीय, आणि खापर त्याच्यावर. पण कादंबरी खाऊन टाकते ती प्रुनेला. वडील इंग्रज, जन्म हिंदुस्तानातला, मुलींना जादू दाबायला शिकवणाऱ्या शाळेत वाढलेली. हाती घबाड लागताच ही बाई आधी लंडनमध्ये चांगला नवरा गटवायचा बेत आखते. शिष्टाचार सांभाळत एकमेकांची सालं काढणारी माणसं इथे पानोपानी भेटतात. वंश आणि साम्राज्य यांवरचे चिमटेही चांगलेच बसतात.

अडचण भाषेची. चोची इंग्रजी मुद्दाम जुन्या वळणाची, लांबलचक वाक्यांची. सुरुवातीची प्रकरणं रेटावी लागतात. ॲटवॉटर दोन बैठकांत संपते. इंग्रजी कादंबऱ्यांची फार सवय नसेल तर तिच्यापासूनच सुरू करा. माझं माप मात्र प्रुनेलाच्या पारड्यात.

दोन्हींचे पुढचे भाग आहेत, पण नायिका बदलतात, त्यामुळे पहिल्यावर थांबलात तरी काही अडत नाही.