कोल्हापुरात महागडी डिझेल एसयूव्ही: दीड वर्षाच्या वापरानंतर

गाडीचं नाव लिहीत नाही. जे सांगणार आहे ते कोटीच्या घरातल्या कुठल्याही युरोपीय बनावटीच्या सात आसनी डिझेल एसयूव्हीला लागू पडेल, आणि ब्रँडच्या नावावरून वाद सुरू झाला की कामाची माहिती बाजूला पडते. वापर असा: ताराबाई पार्कातून गोकुळ शिरगावच्या कारखान्यात रोजचं जाणं-येणं, अधूनमधून पुणे, पाऊस ओसरला की गगनबावडा नाहीतर आंबा घाट उतरून कोकण.

आधी चांगलं सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. तीन लिटरचं सहा सिलिंडर इंजिन सातही सीट भरून घाट चढताना जराही दमत नाही. गिअर कधी बदलला ते कळत नाही. माझ्या आईचे गुडघे दुखतात. उंच गाडीत तिला दोन माणसांनी हात देऊन चढवावं लागायचं. या गाडीचं एअर सस्पेन्शन एका बटणावर खाली बसतं आणि आई स्वतःची स्वतः चढते. एवढ्या एका गोष्टीसाठी मी या गाडीचं बरंच काही सहन केलं आहे.

त्रास सुरू झाला तो विजेपासून. काही दिवस बाहेरगावी जाऊन आलो तर गाडी मेलेली. रिमोटला प्रतिसाद नाही, हँडलला नाही. चावीच्या आत लपवलेल्या लोखंडी पात्यानं दार उघडलं, जंप स्टार्ट दिला, गाडी सुरू झाली आणि डिस्प्लेवर इशाऱ्यांची रांग लागली: सस्पेन्शनमध्ये बिघाड, पार्किंग असिस्ट बंद, ब्रेकची मदत यंत्रणा उपलब्ध नाही, गाडी सुरक्षित जागी थांबवा. तेवढ्या वेळात आपण गाडी नव्हे तर घोटाळा विकत घेतला असं वाटून जातं. तासभर चालवल्यावर सगळे इशारे आपोआप गेले. पुढच्या काही महिन्यांत हे पुन्हा पुन्हा झालं.

यामागचं कारण एकदा समजलं की घाबरायला होत नाही. या गाड्यांमध्ये डझनावारी छोटे संगणक असतात आणि ते सगळे १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. ४८ व्होल्टची माइल्ड हायब्रिड यंत्रणा असली तरी कुलपं, डिस्प्ले, सेन्सर हे १२ व्होल्टवरच. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या पुढे दाखवते. ती १२ च्या खाली घसरली की एकेक संगणक अर्धवट जागा होतो, शेजारच्याला वेळेवर उत्तर देत नाही, आणि शेजारचा ‘बिघाड’ अशी नोंद करून मोकळा होतो. त्यामुळे डिस्प्लेवर सस्पेन्शन दिसलं म्हणून सस्पेन्शन बिघडलंय असं नसतं. पहिला प्रश्न बॅटरीचा विचारायचा.

आमच्याकडे या ब्रँडचं छोटं सर्व्हिस सेंटर आहे. ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड इथे होतं. बिघाड शोधायचा तर गाडी पुण्याला, म्हणजे २३० किलोमीटर. फ्लॅटबेडवर चढवून पाठवायची, सातारा–कागल सहापदरीकरणाच्या खोदकामातून आणि कराडच्या पुलाच्या कामातून ती सावकाश जाणार, मग वर्कशॉपमध्ये रांग. एकदा गाडी पुण्यात असताना इकडे राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून वर चढायला लागली. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेलेला कोल्हापूरकर विसरलेले नाहीत. तयार झालेली गाडी तिकडे, आम्ही इकडे, आणि घरी जुन्या हॅचबॅकवर सगळा संसार. पुण्या-मुंबईचा माणूस परीक्षणात लिहितो, ‘सर्व्हिस चांगली आहे, दुपारी गाडी परत मिळाली.’ आपल्याकडे तोच बिघाड पंधरवडा खातो. गाडीचा भरवसा मोजताना हे अंतर त्यात धरलंच पाहिजे.

पुण्याहून गाडी परत यायची ती जॉब कार्डवर एकच ओळ घेऊन: बॅटरी चार्ज केली, दोष आढळला नाही. सर्व्हिस ॲडव्हायझर फोनवर अगदी नम्रपणे सांगायचे, “सर, गाडी रोज थोडी तरी चालवत जा.” मला हे पटलं नाही, आजही पटत नाही. तीन-चार दिवस दारात उभं राहणं हा कुठल्याही गाडीचा साधा धर्म आहे. दहा लाखांची गाडी ते करते.

मग मी आमच्या उद्यमनगरातल्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. शेतीपंपांची तेल इंजिनं बनवणाऱ्या या गावात मोजून बोलणारी माणसं अजून भेटतात. गाडी बघून ते आधी मागेच सरले. वॉरंटीतल्या गाडीला हात लावायचा नाही हा त्यांचा नियम. मी म्हटलं, काही खोलायचं नाही, फक्त मोजायचं आहे. तेव्हा म्हणाले, “मग हरकत न्हाई मालक. वायर तोडायची न्हाई, फ्यूज काढायचा न्हाई. गाडी झोपतीया का न्हाई तेवढं बघूया.”

त्यांनी काय केलं ते नीट सांगतो, कारण हे कुणालाही करून घेता येतं. बॉनेट उघडून त्याचं लॅच स्क्रू ड्रायव्हरनं बंद केलं, म्हणजे गाडीला बॉनेट बंद आहे असं वाटतं. गाडी लॉक केली. दोन्ही चाव्या लांब नेऊन ठेवल्या, कारण चावी जवळ असली की गाडी जागी राहते. बॅटरीच्या निगेटिव्ह केबलला डीसी क्लँप मीटर, म्हणजे वायर न तोडता प्रवाह मोजणारा चिमटा, लावला आणि तासभर चहा पीत बसलो. लॉक केल्यावर संगणक एकामागून एक झोपी जातात आणि शेवटी साधारण ५० मिलिअँपियरच्या आत प्रवाह उरायला हवा. आमचा आकडा खाली यायचा आणि पुन्हा ०.७ अँपियरवर चढून तिथेच बसायचा. हिशोब सोपा आहे. ०.७ अँपियर म्हणजे दिवसाला जवळपास १७ अँपियर-तास. बॅटरी ८० अँपियर-तासांची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी स्टार्टर फिरवायला काही उरत नाही. आत कोणीतरी रात्रभर जागं होतं.

मीटरचे वेळेसह फोटो काढले, व्हिडिओ केला आणि डीलरला व कंपनीच्या ग्राहक विभागाला एकाच ईमेलमध्ये पाठवला. रागाचा एक शब्द नाही, फक्त आकडे आणि एक मागणी: गाडी रात्रभर लॉगर (प्रवाहाची सतत नोंद ठेवणारं यंत्र) लावून ठेवा आणि कोणता मॉड्यूल, म्हणजे कोणता छोटा संगणक, जागा राहतो ते लेखी द्या. यानंतर वागणूक बदलली. फोन वर्कशॉपच्या टेक्निकल माणसाचा आला. लॉगरवर सापडलं ते टेलिमॅटिक्स युनिट, म्हणजे मोबाइल ॲपवर गाडीची जागा दाखवणारं, आतलं सिम कार्ड असलेलं यंत्र. ते नेटवर्क शोधत राहायचं आणि झोपायचंच नाही. आधी सॉफ्टवेअर अपडेट झालं, फरक पडला नाही. मग युनिट बदललं. बॅटरी बदलायला ते तयार नव्हते, पण वारंवार पूर्ण उतरलेल्या एजीएम (सीलबंद प्रकारच्या) बॅटरीची क्षमता कायमची घटते. टेस्टरवर लोड देऊन रिपोर्ट मागितला, त्यात ती बाद ठरली आणि वॉरंटीत बदलून मिळाली.

आता जॉब कार्डाबद्दल, कारण माझ्या मते या सगळ्यात सर्वांत मोलाचा कागद तोच आहे. काउंटरवर तुम्ही दहा मिनिटं बोलता आणि कार्डावर ‘चेक बॅटरी’ एवढंच उतरतं. मेकॅनिक तेवढंच वाचतो. बॅटरी तपासतो, ती तेव्हा चार्ज असते, गाडी परत. म्हणून सही करण्याआधी तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यायची: किती तास उभी होती, किती किलोमीटरला, त्या वेळी व्होल्टेज किती, कोणते इशारे कोणत्या क्रमानं आले. शक्य असेल तर छापील कागदच सोबत जोडायचा. गाडी परत घेताना बिघाडाच्या कोडची प्रिंट मागायची. ‘दोष आढळला नाही’ असं म्हणत असतील तर तेही लेखी घ्यायचं. तो कागद तुमच्या विरोधात नाही. तुम्ही वॉरंटीच्या मुदतीत तीच तक्रार घेऊन आला होता, याचा तो पुरावा आहे. माझ्याकडे या सगळ्यांची एक फाइल आहे, आणि ती टेबलावर ठेवली की बोलणं लगेच मुद्द्यावर येतं.

डीपीएफचा त्रास मात्र गाडीइतकाच माझ्या रोजच्या रस्त्याचा आहे. बीएस-६ डिझेलमध्ये धुरातली काजळी पकडणारा फिल्टर असतो, तोच डीपीएफ, आणि साचलेली काजळी जाळायला तो ६०० अंशांच्या आसपास तापावा लागतो. ताराबाई पार्क, कावळा नाका, तावडे हॉटेल, उचगावच्या पुलाजवळची कोंडी आणि कारखाना. एवढ्या अंतरात इंजिन जेमतेम गरम होतं, जळण सुरू होतं आणि आपण गाडी बंद करतो. असं अर्धवट राहिलं की फिल्टर भरतो आणि जाळण्यासाठी जादा सोडलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरून ऑइलची पातळी वाढते. विकताना हे कुणी सांगत नाही, सांगायला हवं. आता आठवड्याला एकदा कागलच्या पुढे निपाणीकडे मोकळ्या रस्त्यावर एका वेगानं नेतो. फिल्टर भरल्याचा इशारा पुन्हा आलेला नाही. ज्यांचं रोजचं जाणं राजारामपुरी ते शाहूपुरी एवढंच आहे त्यांनी डिझेल घेऊच नये, पेट्रोल बघावं. डीईएफची (धुरातलं प्रदूषण कमी करायला वापरतात त्या द्रवाची) टाकी संपेपर्यंत थांबू नका हेही सांगून ठेवतो. उरलेले किलोमीटर शून्यावर आले की इंजिन पुन्हा सुरू होत नाही, आणि ते कायद्यातल्या प्रदूषणाच्या अटीमुळेच तसं बनवलेलं असतं.

टायर २१ इंची, कडा बारीक. गगनबावड्याच्या वाटेवर एका खड्ड्यानं साइडवॉलला फुगा आणला. वॉरंटीत बसत नाही. छोट्या रिमचा पर्याय असेल तर तो घ्या.

टचस्क्रीन मधूनच काळा पडायचा, ते अपडेटनं थांबलं. अमेरिकेतल्या जे. डी. पॉवरच्या तीन वर्षं जुन्या गाड्यांच्या पाहणीत इन्फोटेनमेंट हाच सर्वाधिक तक्रारींचा विभाग असतो, त्यामुळे याचं आश्चर्य वाटलं नाही.

मधल्या काळात मी वकील मित्राशीही बोललो. आपल्याकडे सदोष गाडी परत घ्यायला लावणारा वेगळा कायदा नाही. मार्ग आहे तो ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चा. तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांत दाद मागावी लागते. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग, म्हणजे या वर्गातल्या बहुतेक गाड्या थेट राज्य आयोगाच्या कक्षेत जातात. आपल्याकडे अनेकजण गाडी कारखान्याच्या नावावर घेतात आणि मग ‘व्यापारी वापर आहे, तुम्ही ग्राहकच नाही’ असं ऐकावं लागतं. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशाच एका प्रकरणात कंपनीनं संचालकाच्या वापरासाठी घेतलेली महागडी गाडी व्यापारी हेतूनं घेतली असं मानायला नकार दिला. हे ठाऊक असेल तर माणूस दबत नाही. त्याआधीची पायरी म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम ११०-अ हे गाड्या परत बोलावण्याबद्दल आहे. एकाच मॉडेलमध्ये तोच दोष अनेकांना दिसत असेल तर प्रत्येकानं तक्रार नोंदवायला हवी, कारण सरकार नोंदलेल्या तक्रारीच मोजतं. मला आयोगापर्यंत जावं लागलं नाही, पण लागलं असतं तर त्या फाइलच्या जोरावर गेलो असतो.

घ्यावी का, असं मला गावातले बरेचजण विचारतात. मी त्यांना आधी सर्व्हिस सेंटरला पाठवतो. डायग्नोस्टिक मशीन इथे आहे की पुण्यात, बिघाड शोधणारा प्रशिक्षित माणूस रोज असतो की आठवड्यातून एकदा येतो, गाडी अडकली तर बदली गाडी कोल्हापुरात पोचवणार का, हे विचारा आणि उत्तर ईमेलवर मागा. शोरूमच्या कॉफीपेक्षा त्या ईमेलवर विश्वास ठेवा. वाढीव वॉरंटी घ्याच. एअर सस्पेन्शनचा कंप्रेसर किंवा डीपीएफ वॉरंटीबाहेर गेला तर खर्च लाखांत जातो. मी घेतली आहे, आणि पुण्याला फ्लॅटबेडचा खर्च त्यात धरला आहे हे वाचून खात्री करूनच घेतली.

युनिट आणि बॅटरी बदलल्यानंतर दिवाळीत आम्ही आठवडाभर बाहेर होतो. परत आल्यावर गाडी एका बटणात सुरू झाली, एकही इशारा नाही. मीटर लावून बघितलं तर आकडा ५० मिलिअँपियरच्या आत. पुढची डावी बाजू मात्र अलीकडे रात्रीत बोटभर खाली बसते. साबणाचं पाणी मारून बघितलं, एअर बेलोच्या, म्हणजे सस्पेन्शनच्या हवेच्या पिशवीच्या, वरच्या जोडापाशी बुडबुडे येतात. फोटो आणि उंचीची मोजमापं पाठवली आहेत, पार्ट मागवल्याचं उत्तर आलं आहे, पुण्याची तारीख पुढच्या आठवड्यातली आहे.