फ्रिजला नळजोडणी: सांगलीत तिन्ही ऋतू काढल्यावर

दारातनं गार पाणी आणि बर्फ देणारा दोन दारांचा फ्रिज घेतला, त्याला उन्हाळा आणि पावसाळा होऊन गेला, आता थंडीही सरत आलीय. फ्रिजबद्दल माझी तक्रार नाही. पण तो ज्या पाण्यावर चालतो त्याचं दुकानात कुणी काही बोलत नाही, म्हणून इथं बहुतेक लिहिणं त्याचंच.

आमचं घर विश्रामबागेच्या बाजूला. तळमजला, वर एक मजला आणि गच्चीवर टाकी. प्लंबरमामांनी एका नजरेत निकाल दिला, "टाकीवरनं टी मारू की, पाणी येतंय चांगलं." (टी म्हणजे नळीला फाटा काढायचा तीन तोंडांचा जोड.) नळाला येतंय, मान्य. पण फ्रिजच्या पुस्तिकेत २० ते १२० पीएसआय दाब मागितलाय. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब १ बार, म्हणजे जेमतेम १४ पीएसआय. आमच्या टाकीतलं पाणी फ्रिजच्या जोडापासनं सात मीटरवर. म्हणजे हाती आले १० पीएसआय, मागणीच्या निम्मे. वरच्या मजल्यावर स्वयंपाकघर असेल तर याच्याही जेमतेम निम्मे मिळायचे.

दाब कमी असला तर पाणी जरा हळू येईल, एवढंच होत असतं तर चाललं असतं. पण फ्रिजच्या पाठीमागं विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह असतो आणि त्यातला पडदा घट्ट मिटायला पाण्याचाच जोर लागतो. तो नसला की व्हॉल्व्ह थेंबथेंब गळत राहतो, आणि बर्फाच्या साच्याकडं जाणारी नळी त्या थेंबांनी गोठून बुजते. मग फ्रिजमध्ये बिघाड आहे असं समजून लोक सर्व्हिसवाल्याला बोलावतात.

दुसरी अडचण स्वच्छतेची. फ्रिजमधला फिल्टर कार्बनचा असतो. क्लोरीनचा वास आणि चव तो काढतो, जंतू मारत नाही. महापालिकेचं पाणी शुद्ध होऊन येत असलं तरी मधे आमची टाकी आहेच, आणि मार्चनंतर टँकरचं किंवा बोअरचं पाणी त्यात मिसळतं. म्हणून फ्रिजच्या आधी आरओ हवाच, हे घरात लगेच ठरलं. पण भिंतीवरचा नेहमीचा आरओ इथं उपयोगाचा नाही, कारण त्याची प्लॅस्टिकची टाकी नुसत्या उतारावर पाणी देते. आरओच्या तोंडातनं थेट जोडणीही जमत नाही. दिवसाला ७५ गॅलनचं मशीन मिनिटाला २०० मिलीही देत नाही, आणि बर्फाचा व्हॉल्व्ह उघडतो काही सेकंद. साचा अर्धाच भरायचा.

शेवटी ओट्याखाली बसणारा आरओ घेतला. त्याला स्टीलची टाकी असते, आत रबरी फुगा आणि हवेचा दाब. भरलेली असली की तीसेक पीएसआय देते. तिथनं टी, अँगल कॉक (पाणी बंद-चालू करायची छोटी तोटी) आणि पाव इंची नळी फ्रिजपर्यंत. फ्रिजचा स्वतःचा फिल्टर काढून तिथं बायपासची टोपी लावली. दोन दोन फिल्टरमधनं दाब वाया कशाला घालवायचा? मात्र ही सोय आपल्या मॉडेलला आहे का, हे घेण्याआधी विचारा.

जोडणीत घोळ झाला तो फ्रिज बसवायला आलेल्या माणसाकडनं. त्यानं नळी ब्लेडनं तिरकी कापली आणि तशीच जोडात सारली. असले जोड आतल्या रबरी रिंगवर पाणी अडवतात. तोंड सरळ नसेल किंवा नळी पुरती आत गेली नसेल तर पाझरतात. पहिल्या रात्री प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्राचा कागद पसरून ठेवला होता, म्हणून सकाळी ते कळलं. मामांनी टोक सरळ कापून पुन्हा बसवलं, तेव्हापासनं कोरडं आहे. फ्रिजमागं नळीची सैल गुंडाळीही ठेवून घ्या, नाहीतर झाडायला फ्रिज पुढं ओढला की जोड निसटायचा. सुरुवातीचं दहा-बारा लिटर पाणी आणि पहिला बर्फ आम्ही फेकून दिला. प्लॅस्टिकची चव त्यानंतर गेली.

आता वापराचं. एप्रिल-मेमध्ये पाहुणे, सरबतं, ताक. बर्फ कमी पडला असं झालं नाही. एवढंच, की एकदम दहा-बारा माणसं पाण्याला लागली की स्टीलची टाकी रिकामी होत जाते, दाब उतरतो आणि त्या वेळचे खडे चपटे पडतात. आरओ पुन्हा टाकी भरेपर्यंत तसंच. खड्याच्या मध्यभागी दिसणारा पांढरा ढग मात्र घाण नव्हे. पाणी बाहेरनं गोठत आत जातं, तेव्हा त्यात विरघळलेली हवा मध्यभागी अडकते. सासूबाईंना हे मी अजून पटवू शकलेलो नाही, आणि पाणी त्या माठातलंच पितात. वीज गेल्यावर फ्रिजचा व्हॉल्व्ह बंदच राहतो, त्यामुळं घरात पाणी पसरायची भीती नाही.

आरओतनं लिटरमागं दोन-तीन लिटर पाणी वाया जातं. ते बादलीत धरून फरशीला वापरतो, तरी उन्हाळ्यात जिवाला लागतं. नुसत्या बर्फासाठी एवढा खटाटोप कुणी करू नये, असं माझं मत आहे. फ्लॅटमध्ये सर्वात वरच्या मजल्यावर असाल तर आतली टाकी हातानं भरायचा फ्रिज घ्या. त्याला ना नळी लागते ना दाब.

पावसाळ्याची गोष्ट वेगळी. कृष्णा गढूळ झाली की आरओच्या पहिल्या जाळीवर तांबडा थर चढतो. आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडं निघालं की आम्ही फ्रिजचा कॉक बंद करतो आणि बर्फाचा कप्पा आधीच भरून घेतो. फिल्टर बदलायची सूचना देणारा दिवा दिवस मोजतो, नाहीतर लिटर. नदी लाल झालीय हे त्याला कुठनं कळणार? पुस्तिकेत सहा महिने लिहिलंय. आम्ही पहिली जाळी ऑगस्टमध्ये एकदा काढून बघतो आणि नवी टाकतो सप्टेंबरात, पाणी निवळल्यावर.