दुहेरी बंध नेमका कुठे? ॲसिटोन आणि २५४ नॅनोमीटरच्या दिव्याचं परीक्षण

लिपिडवर, म्हणजे मेदद्रव्यांवर, काम करणाऱ्यांची एक जुनी अडचण आहे: साखळीतला दुहेरी बंध नेमका कुठे आहे ते कळत नाही. पीसी (फॉस्फॅटिडिलकोलिन) ३४:१ घ्या, म्हणजे साखळ्यांत मिळून ३४ कार्बन आणि एक दुहेरी बंध. मास स्पेकमध्ये, म्हणजे वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रात, त्याचा प्रोटॉनयुक्त आयन ७६०.५८५ ला दिसतो. तो फोडला की १८४.०७ चा फॉस्फोकोलिनचा तुकडा येतो आणि बाकी सगळ्याला झाकून टाकतो. ऋण आयनांच्या बाजूला गेलात तर २५५.२३ आणि २८१.२५ मिळतात, म्हणजे एक साखळी १६:० आणि दुसरी १८:१ हे पक्कं होतं. पण ती १८:१ ओलेइक (बंध नवव्या कार्बनवर) की सिस-व्हॅक्सेनिक (बंध अकराव्यावर)? दोघांचं वस्तुमान एकच आणि साध्या टक्करीत मिळणारे तुकडेही तेच. मग कितीतरी तक्त्यांत सरळ ‘ओलेइक’ लिहून मोकळं होतात. मला हे मनापासून खटकतं, कारण शरीरात या दोघांचा उगम वेगळा आहे. ओलेइक स्टिअरिक आम्लापासून एससीडी-१ या विकराने बनतं. व्हॅक्सेनिक बनतं ते पामिटोलेइकची साखळी दोन कार्बनांनी वाढून. दोन्ही एका नावाखाली टाकली की कोणता विकर बदलला हा प्रश्नच पुसला जातो.

यावर नवी महागडी यंत्रं आहेत. आयन ट्रॅपमध्ये ओझोन सोडणारी आहेत, १९३ नॅनोमीटरच्या लेझरने आयन फोडणारी आहेत, इलेक्ट्रॉनने फोडणारीही आहेत. आमच्याकडे यातलं काही नाही, साधा क्यू-टॉफ (आधी क्वाड्रुपोलने आयन निवडणारा मास स्पेक) आहे. म्हणून मी पातर्नो-ब्यूकी अभिक्रियेची (अतिनील उजेडात ॲसिटोन दुहेरी बंधाला जोडणारी) मांडणी उभी केली, आणि हे परीक्षण तिचंच. अभिक्रिया जुनीच आहे, पातर्नोची नोंद १९०९ची आणि ब्यूकीचं काम १९५४चं. तिला मास स्पेकशी जोडण्याचं काम २०१४ मध्ये पर्ड्यू विद्यापीठात यू शिया यांच्या गटाने केलं.

सामान फार नाही. कमी दाबाचा पाऱ्याचा दिवा, सिरिंज पंप, फ्यूज्ड सिलिकाची केशनळी आणि दिव्याभोवती झाकण. केशनळी घेताना मात्र आवरण बघा. तपकिरी पॉलिइमाइडचं नेहमीचं आवरण अतिनील किरण अडवतं, त्यामुळे अतिनील जाऊ देणाऱ्या पारदर्शक आवरणाचीच मागवावी लागते. नमुना ॲसिटोन आणि पाण्याच्या मिश्रणात घेते. द्रावणातून आधी नायट्रोजन सोडते, नाहीतर ऑक्सिजनमुळे नको ती उत्पादनं वाढतात. काही सेकंद उजेड पुरतो. जास्त वेळ दिला तर ॲसिटोनचेच नॉरिश प्रकारचे (उजेडाने फुटून होणारे) तुकडे वाढतात आणि वर्णपट गढूळ होतो. सगळा ७६० संपलाच पाहिजे असा हट्ट धरू नका, अर्धवट रूपांतर पुरेसं आहे. २५४ नॅनोमीटर डोळ्यांना आणि त्वचेला घातक आहे आणि ॲसिटोन पेट घेतं. झाकण उघडं ठेवून दिवा लावायचा नाही, एवढा नियम आमच्याकडे सगळे पाळतात.

आता मुख्य गोष्ट. ॲसिटोन दुहेरी बंधावर चार अणूंचं कडं करून बसतं आणि वस्तुमान ५८.०४ ने वाढतं. म्हणजे ७६०.६ चा ८१८.६ होतो. हा आयन निवडून फोडला की कडं दोन प्रकारे तुटतं, आणि २६ च्या अंतरावर तुकड्यांची जोडी उभी राहते. दुहेरी बंध नवव्या कार्बनवर असेल तर ६५० आणि ६७६. अकराव्यावर असेल तर ६७८ आणि ७०४. त्याच पीसीचे दोन आयसोमर (सूत्र एकच, रचना वेगळी) एका वर्णपटात शेजारी शेजारी वाचता येतात! अंड्याच्या बलकातल्या पीसीत ६५०-६७६ ही जोडी ठसठशीत दिसते. प्रमाण काढायचं असेल तर दोन्ही शुद्ध आयसोमर वेगवेगळ्या प्रमाणांत मिसळून आधी स्वतःची मापरेषा काढा. हे प्रमाण किती बोलकं असतं ते २०१६ मध्ये याच गटाने दाखवलं. उंदरांच्या स्तनाच्या गाठीत आणि निरोगी ऊतीत त्यांना १८:१ च्या या आयसोमरांचं प्रमाण वेगळं दिसलं.

मला सर्वांत आवडलेला उपयोग ई. कोलाय या जिवाणूचा. त्यातल्या पीई (फॉस्फॅटिडिलइथेनॉलामिन) ३३:१ मध्ये १७ कार्बनांची जी साखळी असते, तिच्यात बहुतेक वेळा दुहेरी बंध नसून सायक्लोप्रोपेनचं कडं असतं. दोन्हींचं सूत्र सारखंच, त्यामुळे नुसत्या वस्तुमानावरून फरक कळत नाही. सायक्लोप्रोपेन ॲसिटोन घेत नाही. दिवा लावल्यावर शेजारचा ३४:१ पुढे सरकतो आणि ३३:१ जागचा हलत नाही. विद्यार्थ्यांना ही रसायनशास्त्राची ताकद दाखवायला याहून चांगला प्रयोग माझ्याकडे नाही.

उणिवा आहेत आणि त्या ठाऊक असाव्यात. पीसीत १८४ इथेही भाव खातो, त्यामुळे निदान करणारे आयन छोटे येतात आणि टक्करीची ऊर्जा जपून वाढवावी लागते. अनेक दुहेरी बंधांच्या साखळीत, ॲराकिडॉनिकसारख्या, प्रत्येक बंधाची जोडी येते आणि सिग्नल वाटला जातो. नैसर्गिक अर्कात ८१८.६ च्या खिडकीत दुसरेही रेणू घुसतात. पीसी ३८:० चा आयन ८१८.६६ ला आहे आणि क्वाड्रुपोल त्याला वेगळा काढू शकत नाही. त्यामुळे प्रत्येक नमुना दिवा बंद ठेवूनही चालवावा, ही माझी ठाम शिफारस. ज्यांना ॲसिटोनची उत्पादनं फारच कमी मिळतात त्यांनी २-ॲसिटिलपिरिडिन करून पाहावं. त्यातला नायट्रोजन प्रोटॉन धरून ठेवतो, त्यामुळे मुक्त मेदाम्लंही धन बाजूला दिसू लागतात.

सिस की ट्रान्स, म्हणजे साखळीचे दोन भाग बंधाच्या एकाच बाजूला की विरुद्ध बाजूंना, हे मात्र ही मांडणी सांगत नाही, कारण दोघांचे तुकडे एकच येतात. त्यासाठी आम्ही अजूनही चांदीच्या आयनांचा कॉलम वापरतो. कोणती साखळी ग्लिसरॉलच्या पहिल्या जागी आणि कोणती दुसऱ्या, हेही त्या जोडीतून कळत नाही. ते ऋण बाजूच्या तीव्रतेवरून ताडायचं आणि फॉस्फोलिपेज ए-२ ने तोडून पडताळायचं.